पृथ्वीचे आद्य वातावरण व सागरजल: उत्पत्तीचा प्रश्न

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, याविषयी आता दुमत उरलेले नाही. परंतु तिच्याभोवतीची हवा आणि तिच्या पृष्ठावरील पाणी ही तिच्याइतकीच जुनी आहेत की मागाहून आलेली आहेत, आणि मागाहून आली असल्यास एकदम आली की क्रमाक्रमाने आली, हा प्रश्न गेली पाऊणशे वर्षे भूरसायनशास्त्रात वादाचा विषय होऊन राहिला आहे. या प्रश्नाचे महत्त्व केवळ भूवैज्ञानिक नाही. सजीवांची उत्पत्ती कोणत्या वायूंच्या सान्निध्यात झाली, याविषयीची प्रत्येक उपपत्ती आद्य वातावरणाच्या एखाद्या विशिष्ट कल्पनेवर आधारलेली असते. ती कल्पना ढासळली की तिच्यावर उभारलेले प्रयोगही पुन्हा तपासावे लागतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या निर्णयासाठी उपलब्ध असलेला पुरावा क्रमवार मांडण्याचा विचार आहे.

प्रारंभी परिमाणांची कल्पना असणे इष्ट होय. वातावरणाचे एकूण वस्तुमान एक मानले, तर सागरजलाचे वस्तुमान सुमारे २७० भरते. तरीही समग्र पृथ्वीच्या मानाने सागर अगदीच तुटपुंजा असून तो तिच्या वस्तुमानाचा सुमारे चार हजारावा हिस्सा आहे. म्हणजे पृथ्वी हा ग्रह मूलतः कोरडा आहे. ज्याचा उलगडा करावयाचा ते पाणी एकंदर द्रव्याचा एक अल्पांश आहे. या अल्पांशाच्या बाबतीत थोड्याशा भेसळीने वा थोड्याशा गळतीनेही चित्र पालटू शकते, आणि या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

१. अक्रिय वायूंची साक्ष

सूर्य व ग्रह ज्या वायुरूप व धूलिमय अभ्रिकेतून निर्माण झाले, तिच्यातील वायूंचेच वेष्टन पृथ्वीने गुरुत्वाकर्षणाने धरून ठेवले असते, तर आजच्या हवेत सौर द्रव्याचे प्रमाण दिसावयास हवे होते. या कल्पनेची कसोटी निऑन या वायूने लागते. सूर्यात निऑनचे अणू नायट्रोजनच्या अणूंइतके, किंबहुना त्यांहून काहीसे अधिक आहेत. हवेत मात्र निऑनचे प्रमाण दर दहा लक्ष भागांत अवघे १८ आहे. म्हणजे नायट्रोजनच्या सुमारे ८६ हजार अणूंमागे निऑनचा एक अणू पडतो. हॅरिसन ब्राउन व हान्स झ्यूस यांनी १९४९ मध्ये स्वतंत्रपणे या तुटीकडे लक्ष वेधले व तिचा अर्थ विशद केला.

या युक्तिवादाचे मर्म पुढीलप्रमाणे आहे. निऑनचा अणुभार २० आणि पाण्याचा रेणुभार १८. ज्या कारणाने निऑन अवकाशात निसटून गेला, त्या कारणाने वायुरूप पाणी त्याहूनही सहज निसटावयास हवे होते. तसे झालेले दिसत नाही. यावरून असे अनुमान निघते की, पृथ्वीची जुळणी होत असताना तिच्या वाट्याचे पाणी वायुरूपात नव्हतेच. ते खनिजांच्या घडणीत रासायनिक बंधांनी बांधलेले होते. निऑन कोणाशीही संयोग पावत नसल्यामुळे त्यास असा आश्रय मिळाला नाही. आजचे वातावरण हे घन द्रव्यातून मागाहून बाहेर पडलेल्या वायूंचे, म्हणजेच दुय्यम स्वरूपाचे आहे, हा निष्कर्ष तेव्हापासून सर्वमान्य झाला.

त्यास पुढे एक मर्यादा मात्र घालावी लागली. खोल प्रावरणातून आलेल्या काही बेसाल्ट खडकांतील निऑनच्या समस्थानिकांचे प्रमाण हवेतील प्रमाणापेक्षा निराळे असून सौर प्रमाणाच्या जवळ जाणारे आहे. निऑन-२० व निऑन-२२ यांचे गुणोत्तर हवेत ९.८ असते, प्रावरणात ते १२ च्या पुढे जाते. म्हणजे अभ्रिकेतील वायूचा थोडासा अंश पृथ्वीच्या पोटात शिरला होता व आजही तेथे आहे. परंतु हवेचा निऑन निव्वळ त्या साठ्यातून आलेला नाही, हेही याच आकड्यांवरून सिद्ध होते.

२. रुबी यांचा जमाखर्च

वायू घन पृथ्वीतून बाहेर पडले हे मान्य केल्यावर ते केव्हा व कोणत्या वेगाने बाहेर पडले, हा प्रश्न उभा राहतो. विल्यम रुबी या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला सागरजलाच्या इतिहासावरील निबंध या बाबतीत मार्गदर्शक ठरला. त्याची पद्धती हिशेबाची होती. अग्निज खडकांचा अपक्षय होऊन गाळाचे खडक व सागरातील लवणे निर्माण होतात. तेव्हा सागर, हवा व गाळाचे खडक यांत आज असलेल्या प्रत्येक मूलद्रव्याचा साठा अपक्षय पावलेल्या खडकांतून भरून निघतो की नाही, हे ताडून पाहता येते. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचा हिशेब जुळतो. क्लोरीनचा मात्र जुळत नाही. अग्निज खडकांत ते इतके विरळ आहे की सागरातील मिठाचा क्लोरीन हा घटक त्यांतून येणे अशक्य आहे. पाणी, कार्बन, नायट्रोजन व गंधक यांचीही तीच स्थिती होय.

या न जुळणाऱ्या शिलकेस रुबी यांनी अतिरिक्त बाष्पनशील द्रव्ये असे संबोधिले. वातावरणाचे वस्तुमान एक धरल्यास त्यांच्या आकडेवारीप्रमाणे ही शिल्लक अशी पडते: पाणी सुमारे ३२५, कार्बन डाय-ऑक्साइड सुमारे १८, क्लोरीन सुमारे ६, नायट्रोजन ०.८ व गंधक ०.४. पाण्याचा आकडा सागराच्या आकड्याहून मोठा आहे, कारण गाळाच्या खडकांत अडकलेले पाणीही त्यात धरलेले आहे. कार्बन डाय-ऑक्साइडविषयी हे विशेष ध्यानात घ्यावे की, आज तो हवेत अत्यल्प असला तरी चुनखडक व डोलोमाइट यांच्या रूपाने त्याचा प्रचंड साठा भूकवचात बंदिस्त आहे. ज्वालामुखीचे वायू, उष्णोदकाचे झरे आणि तापविलेल्या खडकांतून निघणारे वायू यांची घडण या शिलकेशी साधारणपणे मिळतीजुळती असल्याचे रुबी यांनी दाखविले, आणि पृथ्वीच्या अंतरंगातून झालेले निःसारण हाच या द्रव्यांचा उगम होय असे प्रतिपादन केले.

येथवर त्यांचे म्हणणे आजही टिकून आहे. त्यापुढील पायरी मात्र वादग्रस्त ठरली. हे सर्व वायू आरंभी एकदम बाहेर पडले असते, तर सागर तीव्र आम्लधर्मी होऊन त्याने खडकांवर जोराची क्रिया केली असती व कार्बोनेटी खडकांचे अवाढव्य थर अगदी प्राचीन काळीच साचले असते, असे त्यांनी गणित मांडले. शिलालेख्यात तसे थर आढळत नाहीत. म्हणून निःसारण भूवैज्ञानिक काळभर सावकाश चालले असावे, असा त्यांचा निर्णय होता. या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे. प्राचीन थर आढळत नाहीत म्हणून ते नव्हतेच, असे म्हणण्यासाठी त्या काळचे कवच अद्याप शाबूत असावयास हवे. पृथ्वीच्या पहिल्या ५० कोटी वर्षांतील खडक जवळजवळ कोठेच शिल्लक नाहीत. शिवाय भूपट्टांच्या अधोगमनाबरोबर कार्बोनेटे व पाणी प्रावरणात परत जातात आणि ज्वालामुखींतून पुन्हा वर येतात, हे १९६० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. तेव्हा आजच्या ज्वालामुखींच्या वाफेचा बराच भाग पूर्वीच्या सागरजलाचाच असल्यामुळे, आजचा वेग पृथ्वीच्या वयाने गुणून सागराचा हिशेब जुळविणे ग्राह्य नाही.

३. आर्गॉन व झेनॉन ही कालमापके

काळाचा निवाडा करण्यास काळाबरोबर निर्माण होणारा वायूच हवा. हवेचा ०.९३ टक्के भाग आर्गॉनचा असून त्यातील ९९.६ टक्के आर्गॉन-४० हा एकच समस्थानिक आहे. सूर्यात या समस्थानिकाचे प्रमाण नगण्य आहे. हा आर्गॉन पोटॅशियम-४० च्या विघटनातून आला असावा, असे कार्ल फ्रीड्रिख फोन वाइत्सेकर यांनी १९३७ मध्ये सुचविले आणि १९४८ मध्ये ऑल्ड्रिच व नीअर यांनी पोटॅशियमयुक्त खनिजांत तो प्रत्यक्ष दाखविला. पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. पृथ्वीतील पोटॅशियमच्या अंदाजावरून आजवर निर्माण झालेल्या आर्गॉनची गणना केली असता त्यापैकी सुमारे निम्माच हवेत आढळतो. उरलेला अर्धा अद्याप घन पृथ्वीत आहे, असे मानावे लागते. म्हणजे निःसारण पूर्ण झालेले नाही.

आता आर्गॉन-३६ पाहावा. तो किरणोत्सर्गी विघटनातून उत्पन्न होत नाही. पृथ्वीच्या जन्माच्या वेळी जेवढा होता तेवढाच आहे. आर्गॉन-४० व आर्गॉन-३६ यांचे गुणोत्तर हवेत २९८ च्या आसपास असते. महासागराच्या तळावरील कटकांतून बाहेर पडणाऱ्या बेसाल्टात ते ४० हजारांपर्यंत चढते. याचा सरळ अर्थ असा की, प्रावरणाच्या या भागातून मूळचा आर्गॉन-३६ जवळजवळ सर्वच फार पूर्वी निघून गेला आणि त्यानंतर पोटॅशियमपासून नव्याने तयार झालेला आर्गॉन-४० तेथे साठत गेला. निःसारण सर्व काळ एकाच संथ गतीने झाले असते, तर एवढी तफावत पडली नसती.

झेनॉनची साक्ष याहून सूक्ष्म आहे. आयोडीन-१२९ हा अल्पायुषी समस्थानिक असून त्याचे अर्धायुष्य सुमारे १.६ कोटी वर्षे आहे. सौर मालेच्या प्रारंभीच्या दहा कोटी वर्षांत तो जवळजवळ संपुष्टात आला. त्याच्या विघटनातून झेनॉन-१२९ निर्माण होतो. जॉन रेनल्ड्स यांनी १९६० मध्ये रिचर्डटन येथील अशनीत या समस्थानिकाचे आधिक्य शोधून काढले व एका नव्या कालमापन पद्धतीचा पाया घातला. पुढे मध्यसागरी कटकांच्या बेसाल्टात, तसेच न्यू मेक्सिकोतील कार्बन डाय-ऑक्साइडच्या विहिरींतील वायूतही हवेच्या तुलनेने झेनॉन-१२९ अधिक असल्याचे आढळून आले. आयोडीन-१२९ जिवंत असतानाच हवेतील झेनॉन व प्रावरणातील झेनॉन यांची फारकत झाली असल्याशिवाय असा भेद संभवत नाही. पुढील काळात हवेतील झेनॉन अधोगमनामुळे काही अंशी प्रावरणात परतला असल्याने या गणिताचे बारकावे बदलतात; मूळ निष्कर्ष मात्र कायम राहतो. पहिले निःसारण जलद व प्रचंड होते आणि त्यानंतर मंद गळती चालू राहिली. रुबी यांची सावकाश निःसारणाची कल्पना या उत्तरार्धापुरती खरी ठरते.

४. शिलारसाचा सागर आणि पहिला पाऊस

एवढ्या जलद निःसारणास कारण काय घडले असावे? ग्रहाच्या जुळणीच्या अखेरच्या टप्प्यात मोठमोठ्या पिंडांचे आघात होत होते. त्यांपैकीच एकातून चंद्राची निर्मिती झाली, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. अशा आघाताच्या उष्णतेने प्रावरणाचा मोठा भाग वितळून शिलारसाचा सागर तयार होतो. ताकाफुमी मात्सुई व युताका आबे यांनी १९८६ मध्ये या अवस्थेतील वाफेच्या दाट वातावरणाचे गणित मांडले. वाफेचे आवरण उष्णता अडवून ठेवते, त्यामुळे पृष्ठ वितळलेले राहते. शिलारसात पाणी विरघळते, त्यामुळे वाफेचे प्रमाण मर्यादेत राहते. आजचा सर्व सागर वाफेच्या रूपात हवेत गेला, तर पृष्ठावरील दाब आजच्या सुमारे २७० पट होईल, यावरून त्या आवरणाच्या घनतेची कल्पना यावी.

शिलारसात पाणी बरेच विरघळते, कार्बन डाय-ऑक्साइड मात्र फारच थोडा. म्हणून कार्बन डाय-ऑक्साइड आधी बाहेर पडतो. पाणी मात्र शिलारस गोठत जाऊन उरलेल्या द्रवात त्याचे प्रमाण वाढू लागले, की मोठ्या प्रमाणावर मुक्त होते. वाफेच्या वातावरणातून अवकाशात जाऊ शकणाऱ्या उष्णतेस एक कमाल मर्यादा असते. ती दर चौरस मीटरला सुमारे ३०० वॅट आहे. खालून येणारी उष्णता व शोषलेले सूर्यतेज यांची बेरीज या मर्यादेच्या वर आहे तोवर पाऊस पडणे शक्य नाही. पृष्ठावर साय धरली आणि खालची उष्णता आटली, की पृथ्वीच्या अंतरावर केवळ सूर्यतेज ही मर्यादा ओलांडीत नाही. वाफेचे द्रवीभवन होऊन सागर साचू लागतो. हे सर्व काही दशलक्ष वर्षांतच घडले असावे. शुक्र सूर्याच्या अधिक जवळ असल्यामुळे तेथे वाफ कधीच थिजली नसावी व तिच्यातील हायड्रोजन अवकाशात निसटून गेला असावा, असा एक पक्ष आहे. आज शुक्राच्या पृष्ठावर पृथ्वीच्या ९२ पट दाब असून ९६.५ टक्के हवा कार्बन डाय-ऑक्साइडची आहे. आपल्याकडे तोच वायू चुनखडकांत बंदिस्त होऊ शकला तो पाण्यामुळे, ही गोष्ट मननीय आहे.

या प्राचीन सागराचा प्रत्यक्ष पुरावा पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स या टेकड्यांमधील पिंडाश्मात मिळाला. त्यातील झिर्कॉनच्या एका कणाचे वय ४४० कोटी वर्षे असल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. शिलारसातून थेट आलेल्या झिर्कॉनमध्ये ऑक्सिजन-१८ चे मान दर हजारी ५.३ च्या आसपास असते. या प्राचीन कणांपैकी काहींत ते ७ च्याही वर गेलेले आहे. पृष्ठाजवळील कमी तापमानात खडकावर पाण्याची क्रिया झाली, आणि तो खडक नंतर पुन्हा वितळून त्यातून झिर्कॉन घडला, तरच असे मान मिळते. किरणोत्सर्गाने स्फटिकास पोहोचलेल्या इजेमुळे मागाहून बदल झाला असावा, असा आक्षेप काही कणांच्या बाबतीत घेण्यात येतो व तो प्रत्येक कणापुरता तपासावा लागतो. आपल्या देशात ओरिसातील चंपुआ भागात, सिंहभूमच्या प्राचीन शिलाखंडातही ४२४ कोटी वर्षांचे झिर्कॉन असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे या अभ्यासाचे क्षेत्र एकाच टेकडीपुरते उरलेले नाही. त्यानंतरचा, ३७० ते ३८० कोटी वर्षांपूर्वीचा, निर्विवाद पुरावा ग्रीनलँडमधील इसुआ येथे आहे. तेथे पाण्याखाली ओतला जाऊन उशांच्या राशीसारखा आकार घेतलेला लाव्हा व पाण्यात साचलेले गाळाचे थर दोन्ही आढळतात.

५. पाणी आले कोठून?

पाण्याच्या उगमाचा माग ड्यूटेरियम या जड हायड्रोजनच्या प्रमाणावरून काढण्यात येतो. सागरजलात हायड्रोजनच्या दर दहा लक्ष अणूंमागे ड्यूटेरियमचे सुमारे १५६ अणू असतात. सौर अभ्रिकेत हे प्रमाण सुमारे २० होते. हॅलेच्या धूमकेतूवर १९८६ मध्ये केलेल्या मापनात ते सागराच्या सुमारे दुप्पट निघाले, त्यामुळे धूमकेतूंच्या बर्फातून सागर भरला या लोकप्रिय कल्पनेस धक्का बसला. २०११ मध्ये हार्टली-२ या धूमकेतूत जवळजवळ सागरासारखेच प्रमाण आढळल्याने तिला पुन्हा बळ आले. २०१४ मध्ये रोझेटा यानाने चुर्युमोव्ह-गेरासिमेंको या धूमकेतूत तिप्पटीहून अधिक प्रमाण नोंदविल्याने ती पुन्हा मागे पडली. धूळकणांच्या सान्निध्यात घेतलेली मापने फुगलेली असू शकतात, असा २०२४ मधील फेरविचार आहे. एका वस्तूवरील एका मापनावरून संपूर्ण वर्गाविषयी विधान करू नये, हा बोध या चढउतारांवरून घेण्यासारखा आहे.

कार्बनयुक्त कोंड्राइट अशनींतील जलयुक्त खनिजांत ड्यूटेरियमचे प्रमाण सागराशी बरेचसे जुळते, म्हणून बाह्य लघुग्रह हा उगम अधिक संभाव्य मानला जात होता. परंतु २०१७ मध्ये रूथेनियमच्या समस्थानिकांवरून असे दिसून आले की, गाभा वेगळा झाल्यानंतर पृथ्वीवर पडलेले अखेरचे द्रव्य बहुतांशी अंतर्गत सौर मालेतील होते. तसे असेल तर पाणी केवळ अखेरच्या वर्षावातून आले, असे म्हणता येत नाही. पुढे २०२० मध्ये एन्स्टाटाइट कोंड्राइट या कोरड्या समजल्या जाणाऱ्या अशनींत पुरेसा हायड्रोजन असल्याचे आढळले. या अशनींची समस्थानिक-घडण पृथ्वीशी अतिशय मिळती आहे. पृथ्वी त्यांसारख्या द्रव्याची बनली असल्यास सागराच्या निदान तिप्पट पाणी तिच्या मूळ घटकांतच होते. अर्थात नुसते जुळणारे प्रमाण हा निर्णायक पुरावा नव्हे. हायड्रोजन अवकाशात निसटताना हलका अंश आधी जातो व उरलेल्या पाण्यात ड्यूटेरियम वाढते. म्हणून आजचे प्रमाण मूळचेच आहे, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते.

६. वायूंची घडण व सजीवोत्पत्ती

हॅरल्ड यूरी यांनी १९५२ मध्ये मिथेन, अमोनिया व हायड्रोजन यांच्या क्षपणकारी आद्य वातावरणाचा पुरस्कार केला आणि १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलर यांनी अशा मिश्रणातून विजेच्या ठिणग्या पाडून ॲमिनो अम्ले मिळविली. या प्रयोगाची कीर्ती रास्त आहे. त्याचे गृहीत मात्र तपासले पाहिजे. शिलारसातून कोणते वायू निघतील हे त्याच्या ऑक्सिडीभवनाच्या पातळीवर ठरते. धातुरूप लोह सान्निध्यात असेल तर मिथेन व हायड्रोजन, ते गाभ्यात निघून गेले असेल तर पाणी, कार्बन डाय-ऑक्साइड व नायट्रोजन निघतात. प्राचीन झिर्कॉनमधील सिरियमच्या प्रमाणावरून २०११ मध्ये काढलेले अनुमान असे की, सुमारे ४३५ कोटी वर्षांपूर्वीच शिलारसाची ही पातळी आजच्यासारखी झालेली होती. तेव्हा दीर्घकाळ टिकणारे मिथेन-अमोनियाचे वातावरण संभवनीय दिसत नाही. लोहयुक्त मोठ्या अशनींच्या आघातानंतर काही काळ क्षपणकारी वायू निर्माण होऊ शकतात. सजीवोत्पत्तीच्या अभ्यासकांचा रोख आता अशा अल्पकालीन अवस्थांकडे व सागरतळावरील उष्णोदकाच्या झऱ्यांकडे वळला आहे.

कार्बन डाय-ऑक्साइडच्या विपुलतेस आणखी एक आधार आहे. तरुण सूर्याचे तेज आजच्या सुमारे ७० टक्केच होते. आजच्यासारखी हवा असती तर तेव्हाचा सागर गोठून गेला असता, हे कार्ल सेगन व जॉर्ज मुलेन यांनी १९७२ मध्ये दाखविले. त्यांनी उपाय म्हणून अमोनिया सुचविला होता. सूर्याच्या जंबुपार किरणांनी तो लवकर नाश पावतो, म्हणून कार्बन डाय-ऑक्साइडच्या हरितगृह परिणामाकडे पाहावे लागते. सिलिकेट खडकांच्या अपक्षयात हा वायू खर्ची पडतो, आणि तापमान वाढले की अपक्षयही वाढतो. या परस्परावलंबनाने कोट्यवधी वर्षे पाणी द्रवरूप राहिले.

मुक्त ऑक्सिजन हा मात्र निःसारणातून आलेला नाही. तो प्रकाशसंश्लेषणाची देणगी होय. गंधकाच्या समस्थानिकांतील विशिष्ट विसंगती सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांनंतर नाहीशी होते, हा जेम्स फार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० मधील शोध हवेत ऑक्सिजन टिकू लागल्याचा काळ निश्चित करतो. तत्पूर्वीच्या सागरात विरघळलेले लोह साचून पट्टित लोहशिला बनल्या. गोव्याच्या खाणींतील लोहखनिज धारवाडी कालखंडातील अशाच शिलांपासून पुढे संपन्न झालेले आहे.

उपसंहार

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. हवा व पाणी ही मुख्यत्वे घन पृथ्वीतून बाहेर पडलेली आहेत. त्यांचा मोठा भाग पहिल्या दहा-वीस कोटी वर्षांतच बाहेर पडला. ४४० कोटी वर्षांपूर्वी पृष्ठावर पाणी असल्याची चिन्हे आहेत. आणि त्या वेळची हवा बहुधा कार्बन डाय-ऑक्साइड व नायट्रोजन यांची होती. पाण्याचा किती अंश मूळ घटकांतला व किती बाहेरून आलेला, हा वाद अद्याप मिटलेला नाही. तो मिटविण्यासाठी प्रावरणात आज किती पाणी आहे, हे समजणे अगत्याचे आहे. २०१४ मध्ये ब्राझीलमधील एका हिऱ्यात सापडलेल्या रिंगवुडाइट या खनिजाच्या सूक्ष्म कणात एक टक्क्याहून अधिक पाणी आढळले, यावरून सागराखेरीज आणखी एक जलसाठा भूगर्भात असणे शक्य आहे. तो साठा मोजल्याखेरीज रुबी यांनी सुरू केलेला जमाखर्च पुरा झाला असे म्हणता येणार नाही.